पाडता येईना म्हणून वाचलेला वाडा

नोटीस चिकटवली होती ती दाराच्या नेमक्या त्या फळीवर, जिथे आई दर दसऱ्याला तोरणाचा खिळा ठोकते. २०२४चा जून. मी खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन आले, तर खळ अजून ओली होती. गुजरातीत टाइप केलेला महापालिकेचा एक कागद, त्यावर कलम २६४, घराचा नंबर आणि मालकाचं नाव. नाव माझ्या आजोबांचं. आजोबांना जाऊन त्रेपन्न वर्षं झाली. मकान जर्जरित आहे, ते उतरवून घ्यावं किंवा निर्भय करावं, नाहीतर काही झाल्यास जबाबदारी मालकाची, असा एकंदर मजकूर.

आईला वाचून दाखवला. ती शहाऐंशीची आहे, कान अजून तिखट. म्हणाली, "निर्भय म्हणजे काय करायचं? मला या घरात कधी भीती वाटली नाही. जिन्यात वाटते तेवढीच."

आमचं घर बडोद्यात, रावपुऱ्यात. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या खानगी खात्यात कारकून होते, त्यांनी बांधलेलं. घराला वाडा म्हणायचं की नाही यावर आमच्यात पूर्वी वाद व्हायचे, कारण एकच चौक आणि दोन मजले. पण दिंडी दरवाजा आहे, ओसरी आहे, माजघर आहे आणि खाली तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकांवर, उभे सागवानी खांब आहेत, म्हणून वाडा. रस्त्याच्या बाजूला मात्र सगळा गुजराती थाट. सज्जाखालच्या लाकडी हातांवर पोपट आणि वेलबुट्टी, पुढे ओटला. मराठी माणसाने सांगितलं आणि गुजराती सुताराने ऐकलं, असं ते घर. सुताराने अर्धंच ऐकलं असावं.

जुन्या शहरात पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा दरसाल निघतात. आमच्या ट्रंकेत आधीच्या तीन होत्या. मी चौथी त्यांच्यावर ठेवली आणि भाजी निवडायला बसले. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. बाहेरगावच्या नातेवाईकांनी टीव्हीवर बडोद्याच्या रस्त्यांतल्या मगरी पाहून फोन केले. आमच्याकडे मगर आली नाही. पाणीही ओटल्याच्या खालच्या पायरीशी थांबलं. पण पूर नदीकाठच्यांचा असतो, पाऊस सगळ्यांचा. तीन दिवस कौलांतून झिरपून झिरपून, चौथ्या दिवशी पहाटे मागच्या कोठीच्या खोलीची भिंत बसली. 'कोसळली' म्हणावं असा आवाजही झाला नाही. पोतं खाली टाकल्यासारखा एक धप्प, मग खूप वेळ माती ओघळत राहिली. टॉर्च घेऊन गेले तर आजीचं तांब्याचं घंगाळ विटांच्या ढिगात अर्धं पुरलेलं, आणि भिंतीच्या जागी शेजाऱ्यांचं कढीपत्त्याचं झाड.

कुणाला काही लागलं नाही. पण आता ट्रंकेतली नोटीस बाहेर काढावी लागली.

दादा न्यू जर्सीत असतो. तो फोनवर म्हणाला, "पाडू या. तू आणि आई किती दिवस अशा राहणार? २०१४मध्ये अख्खा नजरबाग पॅलेस पाडला, कोण रडलं? आपला वाडा म्हणजे काय लक्ष्मी विलास आहे?" त्याचं खोटं नव्हतं. नजरबाग पाडत होते तेव्हा मीच बँकेतून घरी येताना रिक्षातून ती धूळ बघत होते आणि नाकाला पदर लावून पुढे गेले होते.

एक बिल्डर दादाच्या शाळासोबत्याच्या ओळखीतून आला. चांगला माणूस, बूट काढून आत आला, आईच्या पाया पडला. लेझरचं छोटं यंत्र भिंतीवर टेकवून पाच मिनिटांत अख्खा वाडा मोजला. खाली दुकानं, वर चार मजले, प्रत्येक शाखेला एक फ्लॅट, आईला पहिल्या मजल्यावर, लिफ्ट. लिफ्ट म्हटल्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं. त्या रात्री मीही मनाशी होकार दिला होता, हे लपवत नाही. पुढे हेरिटेजवाली म्हणून माझं थोडं कौतुक झालं, त्यांना हे ठाऊक नाही.

त्यासाठी सह्या लागणार होत्या. प्रॉपर्टी कार्डावर आजोबा. आजोबांना तीन मुलगे, एक मुलगी. त्यांतली आत्या फक्त हयात, पुण्यात, वय एक्याण्णव. बाकीच्यांची मुलं ठाण्यात, नागपुरात, एक हैदराबादेत. एकूण अकरा वारस. इथे वंशावळीला पेढीनामुं म्हणतात आणि प्रतिज्ञापत्राला सोगंदनामुं. या दोन शब्दांनी माझे पाच महिने खाल्ले. कुणाचा मृत्यूचा दाखला नाही, कुणाच्या दाखल्यावर टोपणनाव, एका काकूंचं माहेरचं नाव कुणाला आठवेना. ठाण्याचा चुलतभाऊ प्रत्येक फोनला आधी "माझा हिस्सा किती येतो?" विचारायचा आणि मग "आई कशी आहे?" निदान त्याच्या मनात काय आहे ते कळायचं. बाकीचे आधी आईची चौकशी करायचे.

ट्रंकेत मूळ खरेदीखत सापडलं, मोडीत. एका निवृत्त शिक्षकांनी वाचून दिलं. त्यात चतुःसीमा होत्या, आणि उत्तरेला 'तांबेकर यांच्या हवेलीकडे जाणारी वाट' असं लिहिलेलं. वाचताना मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तांबेकर वाडा आमच्या जवळच आहे हे लहानपणापासून माहीत. भाऊ तांबेकर, म्हणजे विठ्ठल खंडेराव, १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण. त्यांच्या वाड्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई, टोप्या घातलेल्या गोऱ्या मडमा. शाळेत असताना आम्ही त्या मडमा बघून हसायला जायचो. वाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. निळा फलक आहे. त्या फलकावर काय लिहिलंय ते मात्र पन्नास वर्षांत वाचलं नव्हतं.

ते बिल्डरच्या आर्किटेक्टनं वाचलं.

संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित. २०१०च्या दुरुस्तीनंतरचा कायदा असा की शंभर मीटरांच्या आत नवं बांधकाम नाहीच. १६ जून १९९२च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर त्याची डागडुजी करता येते, तीही अर्ज करून, दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मंजुरीनं. पाडलं की संपलं. मोकळी जागा तुमचीच, पण तिच्यावर पुन्हा उभं काही करता येणार नाही.

मी आणि खालच्या दुकानदाराचा नातू टेप घेऊन गल्लीतून मोजत गेलो. रविवार सकाळ, रस्ता रिकामा. वाटेत दोनदा टेप गाईच्या पायाखाली आला. आमच्या ओटल्यापर्यंत एकाहत्तर मीटर.

बिल्डरनं त्यानंतर फोन उचलला नाही. ठाण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे त्या भाऊ तांबेकरांनी पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला गोत्यात आणलं." आईला लिफ्टचं वाईट वाटलं. मलाही.

आमच्या गल्लीत या कायद्याला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं मला कळतं. मुलाचं लग्न झालं, वर एक खोली चढवायची, तर नाही. संडास वरच्या मजल्यावर घ्यायचा, तर दिल्लीला अर्ज. मग लोक रात्री काम करतात. चार पोती सिमेंट, दोन मजूर, पहाटेपर्यंत भिंत तयार. जपण्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानं घरं अशी अंधारात, घाईत बिघडवली जातात. मला पाडायला मनाई झाली, पण उभं ठेवायला कुणी पैसे देणार नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

तर दुरुस्ती. पहिल्या इंजिनिअरनं दारातूनच वर पाहिलं आणि म्हणाला, आतून आरसीसीचा सांगाडा उभा करू, लाकूड बाहेर शोभेला ठेवू. दुसरी आली ती आर्किटेक्ट, जुन्या घरांचंच काम करणारी, मराठी, वयानं माझ्या भाचीएवढी. तिनं वर पाहिलंच नाही. खाली बसली. पर्समधून एक लहान हातोडी काढून ओसरीच्या खांबाला बुडापासून टकटक करत गेली. वरती आवाज टणक, सुका. कमरेच्या खाली आला की बद्द, ओल्या भोपळ्यासारखा. "काकू, हे खाली सिमेंट कुणी लावलं?"

बाबांनी. १९७८ साली. भिंतींना ओल धरते म्हणून बोनसच्या पैशांतून खालच्या मजल्याच्या भिंतींना आणि अर्ध्या खांबांनाही चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लॅस्टर. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी स्वतः पाणी मारलं होतं, आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ. घर पक्कं झालं म्हणून पेढे वाटले होते.

तिनं मिस्त्रीला तो पट्टा फोडायला सांगितला. छिन्नीच्या दहा-बारा घावांनी सिमेंटचा एक पापुद्रा, परातीएवढा, अखंड सुटून आला. मागे वास. बंद माठाचा, शेवाळी. खांबाचं लाकूड काळं पडलेलं. तिनं माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. म्हणाली, "टेकवा फक्त." मी टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला भुसा आणि एक पांढरी, आंधळी वाळवी.

मग तिनं समजावून सांगितलं. जमिनीतली ओल विटांतून वर चढतेच, ती थांबत नाही. चुन्याचा गिलावा असतो तोवर ती बाहेर उडून जाते, भिंत पावसाळ्यात ओली, हिवाळ्यात कोरडी. सिमेंट लावलं की बाहेरची वाट बंद. मग ओल वर चढते, नाहीतर लाकडात शिरते. म्हणून बाबांच्या सिमेंटच्या पट्ट्याच्या बरोबर वर, सगळीकडे, पोपडे धरलेली एक रेघ होती. ती रेघ आम्ही सेहेचाळीस वर्षं दर दिवाळीला रंगवत होतो.

फोडलेल्या तुकड्यांत एकावर ओल्या सिमेंटमध्ये बोटानं लिहिलेलं होतं: 'दिवाळी ७८'. बाबांचा आठ ओळखीचा, खालचा फाटा लांबलेला. तो तुकडा मी मजुरांच्या पाटीतून काढून घेतला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून अजून गिझरवर आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. चारी बाजूंचे फोटो, मालकीचे कागद, नकाशा, स्मारकापासूनचं अंतर. इमारतीची उंची, तीही पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली वगैरे सगळं धरून. आमच्याकडे कौलं. टाकी चौकात, जमिनीवर. त्या रकान्यात काय लिहावं यावर आर्किटेक्ट आणि मी अर्धा तास घालवला. सह्या परत लागल्या, पण यावेळी कुणाला हिस्सा मिळणार नव्हता, तरी सगळ्यांनी केल्या. उलट आधीपेक्षा लवकर. पैशांचा प्रश्न निघाल्यावर मात्र शांतता. दादानं पाच लाख पाठवले. पुण्याच्या आत्यानं पाकिटात एकवीसशे रुपये, कुंकू लावून. बाकीचं माझ्या पीएफमधून. सगळं मिळून साडेएकोणीस लाखांपर्यंत गेलं, आणि वरच्या मजल्याला अजून हातही लागलेला नाही.

मंजुरी फेब्रुवारीत आली. त्याआधी एक गाठ सोडवायची होती: खालचे शेठ.

आमच्या ओटल्यालगत फोटो-फ्रेमचं दुकान आहे, शेठच्या वडिलांपासून. भाडं महिना साठ रुपये. १९८०च्या दशकात बाबांनी त्यांच्या वडिलांवर दावा लावला होता. तो न्यायमंदिरात चालायचा, सुरसागरच्या काठी. १८९६ची ती इमारत, पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या नावाची. बाबा मला सुटीत एकदा घेऊन गेले होते. दाव्याचं काही कळलं नाही, मधल्या मोठ्या दालनात मान वर करून फिरताना चक्कर आली तेवढी आठवते. दोघं वादी-प्रतिवादी तारखेला जायचे वेगवेगळे, आणि परत यायचे बाबांच्या लँब्रेटावर एकत्र, कारण घर एकाच ठिकाणी. आठ वर्षांनी भाडं पंचेचाळीसाचं साठ झालं आणि दावा मिटला. २०१८मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली. परवा तिथून गेले तेव्हा त्या कमानींत पारवेच जास्त दिसले.

तर नोटीस लागल्यापासून शेठ माझ्याशी बोलत नव्हते. एकदा दुकानासमोरून जाताना, काच पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेन, नोटीस तमे ज मंगावी ने?" नोटीस तुम्हीच मागवलीत ना? मी चिडले, पण त्यांचं चूक नव्हतं. जुन्या शहरात भाडोत्री काढायचा याहून स्वस्त मार्ग नाही. मालकानं अर्ज करायचा, माझं घर पडायला आलंय. नोटीस येते, भाडोत्री जिवाच्या भीतीनं जातो, वर्षाच्या आत तिथे शोरूम. शेठनी बाजारात अशी चार तरी उदाहरणं पाहिली होती. आणि आमची भिंत पडली, बिल्डर येऊन मोजून गेला, हे त्यांनी दुकानात बसून पाहिलंच होतं.

दुकान तीन महिने रिकामं केल्याशिवाय पुढचे दोन खांब उचलता येणार नव्हते. मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की काम झालं की ताबा परत, भाडं तेच. वकिलानं कपाळावर हात मारला. दादा फोनवर ओरडला. शेठनी कागद तीनदा वाचला, नातवाकडून वाचून घेतला, आणि तरी म्हणाले, किल्ली माझ्याकडेच राहील. म्हटलं, ठेवा. दारच काढून ठेवायचं होतं, किल्लीचं काय करणार.

मार्चमध्ये काम सुरू झालं. चौकात खड्डा खणला. चुन्याचे दोन कारागीर राजस्थानातून आले, काका-पुतणे. इथले कडिया, म्हणजे गवंडी, रोज डोकावून हसून जायचे, "बेन, आ जमानामां चूनो?" मराठीत चुना लावण्याचा अर्थ माझ्या मनात यायचाच. आम्हाला एवढी वर्षं कुणी चुना लावला नाही, तोच तर घोटाळा झाला होता.

कळीचा चुना पाण्यात टाकला की काय होतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढरे दगड, शांत. पाणी ओतलं, क्षणभर काही नाही. मग एक दगड तडकला, मग सगळे, आणि खड्डा रटरटायला लागला, भाताचं पातेलं उतू जावं तसा. वाफ वरच्या सज्जापर्यंत. काकानं सगळ्यांना मागे ढकललं. डोळ्यात गेला तर डोळा जातो. तो तीन आठवडे पाण्याखाली मुरवला. दुसऱ्या पिंपात हिरडा आणि गूळ भिजत घातला होता. त्याचं पाणी गिलाव्यात. हिरड्याचा काळा कडवट वास आणि गुळाचा गोड, दोन्ही मिळून घरभर काढ्यासारखं काहीतरी. मुंग्या इतक्या झाल्या की आईनं पिंपाभोवती हळदीची रेघ ओढली. एक चुना, दीड वाळू, दीड सुरखी. सुरखी आमच्याच पडलेल्या भिंतीच्या विटा कुटून केली. कोठीच्या खोलीची भिंत पुन्हा कोठीच्याच भिंतीत गेली, बरीचशी.

उन्हाळा वाईट होता. चुन्याला सावकाश वाळायचं असतं, आणि बडोद्याचा एप्रिल कशालाच सावकाश वाळू देत नाही. भिंतींवर ओली गोणपाटं टांगली, दिवसातून पाच वेळा पाणी. एक दुपार मी झोपले, उठेपर्यंत पूर्वेच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. तेवढा भाग काकानं न बोलता खरवडून टाकला. चार दिवसांची मजुरी गेली. माझ्या झोपेची किंमत सांगितली नाही त्यानं, मी हिशेबाच्या वहीत लिहिली.

खांबांचं काम दोन सुतारांचं. दोन्ही बाजूंना टेकू, मध्ये जॅक, आणि तुळई केसाएवढी उचलायची. आर्किटेक्टनं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली होती. सहा मिलिमीटर. जॅकचा दांडा एक फेरा फिरला की सगळे थांबायचे आणि ऐकायचे. चौथ्या फेऱ्याला वरच्या मजल्यावर काहीतरी करकरलं. धावत गेले. माजघरावरच्या खोलीत भिंतीतलं कपाट, जे माझ्या लग्नापासून अडकून बसलं होतं, ते आपोआप उघडलं होतं. आत एक रिकामी अत्तराची बाटली आणि १९८८चं पंचांग. खाली सगळे हसले. मग खांबाचा कुजका भाग, दीड फूट, करवतीनं कापला. जुनं लाकूड कापताना सागाचा वास आला, ताजा. सव्वाशे वर्षांच्या लाकडात तो कुठे होता कोण जाणे. खाली नवा तुकडा, तिरका सांधा, दोन बोल्ट, आणि पुन्हा तळखड्यावर. असे पाच खांब.

त्याच उन्हाळ्यात मांडवीच्या एका खांबाला तडे गेले, चुरा पडू लागला, खाली लोखंडी टेकू लावले. मांडवी म्हणजे जुन्या बडोद्याची नाभी. लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट, चांपानेर, चारी दरवाज्यांचे रस्ते तिथे मिळतात; चारी बाजूंना तीन-तीन कमानी. आर्किटेक्ट मला एका संध्याकाळी घेऊन गेली. रिक्षा, हातगाड्या, सगळे टेकूंना वळसा घालून नेहमीसारखे चाललेले. मी खांबाच्या बुडाशी बघत होते. आता मला सगळीकडे खांबांचं बूडच दिसतं, नक्षी दिसत नाही. तिला म्हटलं, आमच्याकडे पण असेच टेकू आहेत. ती म्हणाली, "हो, पण तुमच्याकडचे बघायला कुणी येत नाही काकू, म्हणून काम पटापट होतं."

मेअखेर शेठचं दुकान परत लावून झालं. त्यांनी आधी किल्ली लावून पाहिली. दार तेच होतं, पण चौकट दोन-चार मिलिमीटर सरळ झालेली, त्यामुळे कुलूप बसेना. नवं कुलूप घ्यावं लागलं. त्याचे साडेतीनशे रुपये त्यांनी भाड्यातून कापले, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांचं भाडं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांचा एक जुना फोटो नव्या फ्रेममध्ये घालून आईला आणून दिला, लँब्रेटावरचा. मागे त्यांचे वडील बसलेले. पैसे घेतले नाहीत.

इंजिनिअरचा दाखला जोडून नोटिशीचं उत्तर दिलं. पोचेवर शिक्का मिळाला. तो आता ट्रंकेत पाचवा कागद.

पहिला मोठा पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. रात्री दोनला उठले, टॉर्च घेऊन खाली आले, आणि एकेका खांबाच्या बुडाशी बसून हात लावून पाहिला. कोरडं. कोठीच्या नव्या भिंतीला खालून हातभर ओल चढली होती, तेवढी चढणारच, आर्किटेक्टनं सांगितलं होतं. आई वरून विचारत होती, "आहे का उभं?" म्हटलं, आहे, झोप.

सकाळी चहा ठेवला एवढ्यात खालून शेठची हाक आली.

"बेन, उपरथी टपके छे!"

सज्जावरची कौलं. त्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता. बादली घेऊन खाली गेले.